बंद कोंदणाच्या कुड्या

माझी माय मला तोंडावरून नाही, कानावरून ओळखते, हे मला कळलं त्या दिवशी मी एका लग्नाहून परस्पर माहेरी गेले होते. लग्न छावणी भागात, माहेर हर्सूलला. माहेर म्हणजे भावाचं घर. भाऊ वाळूजच्या कंपनीत, त्याच्या पाळ्यांचा काही नेम नाही, त्यामुळं घरात बहुतेक वेळ भावजय आणि माय दोघीच. मायची आठवण तोवर पार विस्कटली होती. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग वार विसरली, मग वडील वारलेत हे विसरली, आणि शेवटी मला. मी गेले की म्हणायची, ‘या बाई, बसा.’ आता माणूस किती वेळा हसण्यावारी नेणार? मी स्कूटीवर रडत घरी यायची आणि घरी आल्यावर आमच्या ह्यांच्यावर डाफरायची. त्यांना बिचाऱ्यांना कारण विचारायचीही सोय नव्हती.

तर त्या दिवशी जरीची साडी, कानात हिऱ्याच्या कुड्या, अशी मी दारात उभी राहिले. समोरच्या खिडकीतलं ऊन माझ्या कानावर पडलं. माय खाटेवर बसली होती, तिनं मान वर केली आणि म्हणाली, ‘आलीस व्हय गं? किती उशीर.’

मी दारातच थिजले. भावजय तिथंच ताट घेऊन उभी होती, सकाळपासून मायनं तिच्या हातचा घास घेतला नव्हता. मी ताट हातात घेतलं, वरणात कुस्करलेली पोळी भरवली, आणि माय सगळी जेवली. वर म्हणाली, ‘कुड्या जपून घाल गं, फिरकी बघत जा.’ मला तर ब्रह्मानंद झाला. दुसऱ्या दिवशी साध्या साडीवर, कुड्या न घालता गेले तर पुन्हा ‘या बाई, बसा’ आणि तोंड मिटलेलं. मग मी परत घरी गेले, कुड्या घालून आले, आणि मायनं आ केला.

कुड्या तिच्याच. माझ्या लग्नात तिनं स्वतःच्या कानातून काढून माझ्या कानात घातल्या होत्या. मधे एक हिरा आणि भोवती सहा, असं फूल, आणि मागून सोन्यानं पूर्ण बंद. त्या घालताना तिनं बजावलं होतं, अंघोळीला काढून ठेवायच्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं कोरड्याच पुसायच्या, बाकी काही करायचं नाही. का, ते सांगितलं नाही. आमच्या घरात कारणं सांगायची पद्धतच नव्हती. ‘नाय म्हणलं ना, मग नाय.’ वर्षानुवर्षं त्या सणावारालाच बाहेर निघायच्या, त्यामुळं फडक्यावर भागलं.

आता मात्र मी त्या रोज घालायला लागले. सकाळचं काम उरकून स्कूटी काढायची, तोंडाला ओढणी गुंडाळायची, वर हेल्मेट, आणि हर्सूल गाठायचं. दुपारचं जेवण माझ्या हातचं. एरवी माय कोणाचं ऐकायची नाही. भावजयीला म्हणायची, ‘ही बाई इख घालती अन्नात.’ तिच्या हातावर ओरबाडे काढायची, ताट भिरकावायची. संध्याकाळी फार तर कपभर दूध. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ह्या एका जेवणावर बाई टिकून आहेत. ते बंद झालं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि असे पेशंट नळी उपसतात, म्हणून मग हात बांधून ठेवावे लागतात. हात बांधून. माझ्या मायचे, जिनं आयुष्यात दोन मिनिटं हात रिकामे ठेवले नाहीत. मी डॉक्टरांना म्हणाले, ‘तसली वेळ मी येऊ देणार नाही,’ आणि माझा सूर असा होता की बिचाऱ्यांनी विषयच बदलला.

खरं सांगते, त्या दिवसांत मला जरा माज पण चढला होता. माय बाकी सगळ्यांना विसरली, लेकीला नाही विसरली, असं मी गल्लीत सांगत फिरायची. भावजय म्हणायची, ‘तुमच्या हातचं तेवढं गोड लागतंय आक्का त्यांना,’ आणि मी मान डोलवायची. ह्या भावजयीचं आणि माझं भांडण कधी झालं नाही, पण पटलं असंही नाही. तिच्याकडं माझ्यासारख्याच दिसणाऱ्या कुड्या होत्या, औरंगपुऱ्यातून घेतलेल्या, अमेरिकन डायमंडच्या. एका बारशाला तिनं घातल्या तेव्हा चार बायकांत मी म्हणाले होते, ‘लांबून बऱ्या दिसतात गं.’ ती काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. माणसानं एखादं तरी उत्तर द्यावं.

उन्हाळा लागला आणि माय मला ओळखायला वेळ लावायला लागली. आधी दारात पाऊल टाकलं की ‘आलीस व्हय’ यायचं. मग मी खाटेपाशी जाईपर्यंत ती नुसतीच बघत राहायची. मग खिडकीकडं तोंड करून, मान इकडं-तिकडं हलवून कानावर ऊन घ्यावं लागायचं. त्या मधल्या वेळात माझा जीव टांगणीला लागायचा. घरी येऊन आरशात बघितलं तर कुड्यांवर चिकट थर. रोजचा घाम, केसांचं तेल, जळगाव रोडची धूळ. हिरे चकाकत नाहीत म्हणून माय ओळखत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणलं, एवढंच ना, धुवून काढू.

फोनवर बघितलं. एक पोरगी गोड आवाजात सांगत होती, घरच्या घरी हिऱ्याचे दागिने असे चमकवा. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा तास भिजवा, लहान मुलाच्या मऊ ब्रशनं घासा. मी सगळं तसंच केलं. नळाला पाणी येऊन आठवडा उलटला होता आणि बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पडतात, म्हणून खास फिल्टरचं पाणी घेतलं. एखादा खडा निसटला तर जाऊ नये म्हणून मोरीच्या जाळीवर फडकं दाबून बसवलं. एवढी मी शहाणी. मायचं ‘कोरड्याच पुसायच्या’ मला आठवलं होतं, नाही असं नाही. पण म्हणलं, जुन्या बायकांचं काय, त्या तर मिक्सरलाही घाबरायच्या.

कुड्या अशा निघाल्या की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी दारातूनच ‘आलीस व्हय गं?’ आलं. मी घरी येऊन ह्यांना गोडाचा शिरा करून घातला.

त्याच्या पुढच्या सकाळी एक हिरा धुरकटला होता. मला वाटलं साबण राहिला असेल. फडक्यानं पुसला, जाईना. निघायच्या वेळेपर्यंत आणखी दोन तसेच झाले, आणि पहिला आता धुरकट नाही, काळा दिसत होता. विझलेल्या निखाऱ्यासारखा. तरी तशीच गेले. माय बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मी खिडकीकडं वळले, मान हलवली, ‘माय, मी हाय गं’ म्हणाले. तिनं भावजयीला विचारलं, ‘कोण हाय ही बाई? माझी पोर कुठंय?’ मी घास पुढं केला तर ओठ आत ओढून घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

घरी येऊन मी वेड्यासारखं काय काय केलं. कुड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या, पाण्यात पडलेल्या फोनला करतात तसं. गच्चीवर स्टीलच्या ताटलीत ठेवून राखत बसले. केस वाळवायचं यंत्र लावलं. कशानं काही होईना तेव्हा पुन्हा एकदा गरम पाण्यात घातल्या, ह्या वेळी सोडा जास्त. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चौदाही खडे गेले. कोळशाच्या दोन कुड्या हातात घेऊन मी मोरीपाशी बसून राहिले. ह्यांनी विचारलं, ‘नवीन घ्यायच्या का तशाच?’ मी त्यांच्यावर अशी ओरडले की शेजारीण खिडकीत आली.

दुसऱ्या दिवशी पण माय जेवली नाही. दुधाचा कपही ढकलून दिला. चमच्यानं पाणी घातलं तर निम्मं ओघळलं. गालाची हाडं वर आली होती, जीभ कोरडी पडली होती, आणि सारखं एकच, ‘माझी पोर येणार हाय. ती आल्यावर जेवीन.’ मी समोर बसून ऐकत होते. मी तिचे हात धरून म्हणाले, ‘माय, मीच ती, तुझ्या पाया पडते, एक घास खा.’ तिनं हात सोडवून घेतले आणि मला म्हणाली, ‘रडू नका बाई. येईलच ती.’ डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजचा दिवस बघा, नाहीतर उद्या सकाळी घेऊन या, नळी घालू.

कुड्या पर्समध्ये होत्याच, मी तिथूनच सराफ्यात गेले. दुकानदारानं भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. ‘ताई, हे बंद कोंदण आहे. हिऱ्याच्या मागं चांदीचा पातळ वर्ख असतो, डाक म्हणतात त्याला. चमक त्याच्यामुळं. पाणी आत शिरलं की डाक काळी पडते. तुम्ही भिजवल्या का काय?’ मी हो म्हणाले. माझी माय एका वाक्यात हे सांगू शकली असती, पण आमच्यात कारणं सांगत नाहीत. त्यांनी मागच्या गल्लीतल्या कारागिराकडं पाठवलं.

कारागीर म्हातारे होते, जरा तिरसटच. कुड्या दिव्याखाली धरल्या आणि म्हणाले, ‘हिरे कू कुछ नई हुआ बाजी. पीछू का वरख गया. खोलना पडता.’

‘आज होईल का?’

‘आठ दिन के बाद आओ.’

मी त्यांच्या गादीपुढं मटकन खाली बसले. आजवर मी कोणापुढं नाक घासलं नव्हतं, सासरी नाही की माहेरी नाही. त्या माणसाला मी सगळं सांगितलं, माय, खिडकी, नळी, बांधलेले हात. पदर तोंडाला लावून हमसून रडले. त्यांनी गिऱ्हाईकाचं दुसरं काम बाजूला सारलं, पण म्हणाले, ‘घाई किया तो सोना फटता. पतला हो गया है. परसों से पहले मेरेसे नई होता, सच बोल रहा हूं.’ परवा. आणि नळी उद्या. मी म्हणाले, ‘एक तरी, एका कानाची तरी.’ ते पुन्हा ‘परसों’ म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागले.

तिथून हर्सूलपर्यंत मी कशी गेले ते मला सांगता येणार नाही. रस्त्यावर उन्हाच्या झळा, ओढणीच्या आत तोंड ओलं. माझ्या हातानं मी मायचं तोंड बंद केलं, हे एकच डोक्यात फिरत होतं. उद्या तिचे हात बांधतील आणि ती बांधलेल्या हातांनी माझीच वाट बघत बसेल. देवा, तिला आत्ताच ने, असं पण मी म्हणाले. लेकीनं म्हणू नये ते म्हणाले.

स्कूटी लावून मी पायरीवर चढले आणि आतून मायचा आवाज आला.

‘आलीस व्हय गं? किती उशीर.’

माझे पाय हवेत होते. तिनं मला न बघता ओळखलं. कुड्या नाहीत, काही नाही, नुसत्या पावलांवरून. ‘आले गं माय’ म्हणत मी दार ढकललं.

खाटेवर भावजय बसली होती. हातात ताट. खिडकीतलं ऊन तिच्या अंगावर होतं, आणि तिच्या कानात त्या औरंगपुऱ्याच्या कुड्या लखलखत होत्या. माय आ करून तिच्या हातचा घास घेत होती. दोन दिवसांची भूक, घास नीट चावतही नव्हती. भावजयीच्या ज्या हातावर तिनं ओरबाडे काढले होते, तोच हात ती थोपटत होती. म्हणत होती, ‘वाळलीस गं पोरी. सासरी नीट घालतात ना खायला?’

मला पाहून भावजयीचा चेहरा उतरला. तिनं ताट खाली ठेवलं आणि हात कानाकडं नेला. ‘आक्का, मी नुसतं करून बघितलं. तुम्ही घाला, मी काढते.’

त्या क्षणी मला तिच्या कानफटात मारावीशी वाटली, आणि तिचे पाय पण धरावेसे वाटले. म्हणजे इतके महिने मायनं मला ओळखलंच नव्हतं. ती उजेड ओळखत होती. ज्या कानात तो पडेल ती तिची पोर. मी गल्लीभर मिरवत होते ते हे.

मायचं तोंड घासासाठी उघडंच होतं.

मी भावजयीचं मनगट धरलं. ‘काढू नको. भरव तिला.’

‘पण आक्का...’

‘भरव म्हणते ना. हात थांबवू नको.’

माय आता माझ्याकडं बघत होती. माझे कान उघडे, डोळे सुजलेले, ओढणी गळ्यात. तिनं भावजयीला विचारलं, ‘ही बाई कोण गं?’ भावजय रडायलाच लागली. मग मायनंच सांगितलं, ‘उन्हाची आली दिसती. तिला पण वाढ.’ आणि मला म्हणाली, ‘बसा. संकोच करू नका. माझी पोर लई चांगला स्वयंपाक करते.’

मी बसले. भावजयीनं मला शेपूची भाजी आणि भाकरी वाढली. मायनं जेवायला सांगितलेलं मी कधी मोडलं नव्हतं. एकेक घास पाण्याबरोबर ढकलला. डॉक्टरांना भावानं कळवलं की जेवल्या, उद्या आणत नाही.

तिसऱ्या दिवशी कुड्या आणायला गेले तेव्हा कारागिरानं त्या गुलाबी कागदात बांधून दिल्या आणि म्हणाले, ‘अब पानी मत दिखाओ.’ जशाच्या तशा झाल्या होत्या. मी हर्सूलला गेले, तर भावजयीचे कान सुजून लाल झालेले. खोट्या धातूच्या तारेनं चिघळले होते. दोन्ही पाळ्यांना हळद लावून, त्याच कुड्या घालून ती मायला सकाळ-दुपार-संध्याकाळ भरवत होती. मला एका शब्दानं बोलली नव्हती. एक जेवण मी घालायची, ती तीन घालत होती, आणि मायच्या तोंडावर जरा तजेला पण आला होता.

मी तिला खिडकीपाशी ओढली आणि तिच्या त्या कुड्या काढल्या. कान बरे होईपर्यंत चार दिवस मी माझ्या कुड्या घालून भरवलं. मग पुडी तिच्या हातात दिली.

‘नको आक्का,’ ती म्हणाली. ‘ह्या मायनं लेकीला दिलेल्या हायत.’

‘मग लेकीच्याच कानात चालल्यात,’ मी म्हणाले. ‘गप उभी राहा.’

मी फिरकी घट्ट बसवली. तिला सगळं सांगितलं, कारणासकट. अंघोळीला काढायच्या, कारण मागं चांदीचा वर्ख आहे. साबण, सोडा, काही लावायचं नाही, कारण तो काळा पडतो. पोळ्या झाल्या की हात धुवूनच हात लावायचा, कारण तूप बसतं. ती म्हणाली, ‘समजलं.’ मी म्हणाले, ‘समजलं नसेल तर विचार. एकदा तरी विचार गं बाई काहीतरी.’ तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आता दर शुक्रवारी मी जाते. भावजय कुड्या काढून माझ्या हातात देते आणि तेवढ्या वेळात न्हाऊन घेते. मी खाटेच्या कडेला बसून जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक हिरा कोरडा पुसते, दोरा घेऊन पाकळ्यांच्या खाचेतलं काढते. माय बघत बसते. परवा म्हणाली, ‘कोणाच्या हायत हो?’

‘तुमच्या लेकीच्या,’ मी म्हणाले.

‘चांगलं करता तुम्ही काम. दर वेळी येता, बसता माझ्यापाशी.’ मग जरा थांबली, माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, ‘तुमची माय हाय का?’

‘हाय की.’

‘मग तिच्याकडं पण जात जा बाई,’ ती म्हणाली. ‘वाट बघत असंल ती.’